भोपळा, दालचिनी आणि आईची साखर

ऑक्टोबर लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या गल्लीत घरोघरी पायऱ्यांवर भोपळे येऊन बसतात. नारिंगी, गुबगुबीत, काही पांढरे, काही अंगभर चामखिळी आल्यासारखे. दुकानात शिरावं तर दारातच दालचिनी-जायफळाचा वास. कॉफीत तोच, मेणबत्तीत तोच, हात धुवायच्या साबणातही तोच. परवा तर कुत्र्याच्या बिस्किटांच्या पुड्यावरही वाचला. या सगळ्याला इथे 'फॉल फ्लेवर' म्हणतात. म्हणजे शरद ऋतूची चव.

यंदा आई सहा महिन्यांसाठी इकडे आली आहे. वय पंचाहत्तरच्या पुढे, आणि गेली वीस वर्षं मधुमेह. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने शनिवारी सकाळी जाहीर केलं, की या वर्षी भोपळ्याचे सिनॅमन रोल घरीच करायचे. मी आजीकडे बघितलं. लेकीला ते लगेच कळलं. "आपण हेल्दी करू ना. मग आजीला पण चालतील."

हे 'चालतील' फार मोठं प्रकरण असतं. मधुमेही माणसाच्या घरात राहिलेल्यांना ते माहीत आहे. सगळे खात असताना एकाने ताट बाजूला सारायचं, आणि बाकीच्यांनी ते न बघितल्यासारखं करायचं. तर ते टाळण्यासाठी आम्ही मैदा काढून टाकला, इंडियन स्टोअरमधली चपातीची कणीक घेतली, साखर काढून गूळ घातला, लोणी निम्मं केलं. आणि ओव्हनमधून ज्या बाहेर आल्या त्या विटा होत्या. आईने एक उचलून ताटलीवर आपटून बघितली. मग आतला मऊ भाग काढून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाली, "अगं, हे घारगेच की! फक्त तळायचे राहिलेत."

लेकीचा चेहरा पडला. ती घारगे खात नाही. तेलकट लागतात म्हणते. "आजी, हे सिनॅमन रोल आहेत. घारगे नाहीत." आजी म्हणाली, "बरं बाई." पण तिच्या 'बरं'मध्ये माघार नव्हती.

भांडण छोटं होतं, पण माझ्या डोक्यातून जाईना. हा रोल नेमका कुणाचा? आणि 'हेल्दी' म्हणजे तरी काय? आईच्या भाषेत पौष्टिक म्हणजे ज्यात काहीतरी घातलंय ते: डिंक, खोबरं, खारीक, तूप. लेकीच्या भाषेत हेल्दी म्हणजे ज्यातून काहीतरी काढलंय ते: साखर, मैदा, लोणी. एकाच ओट्यापाशी उभ्या राहून दोघी बरोबर उलटं बोलत होत्या. म्हणून म्हटलं, बघू या तरी, या रोलमध्ये आजवर कुणी काय घातलं आणि काय काढलं.

*

आधी आकार. लोणी-साखर-मसाला पसरलेल्या कणकेची वळकटी करून कापायची, ही युक्ती एका देशाची नाही. इंग्लंडात अठराव्या शतकापासून चेल्सी बन आहे. जर्मनांकडे 'श्नेकन' आहेत, म्हणजे गोगलगायी. आकार बघितला की नाव पटतं. जर्मन मंडळी पेनसिल्व्हेनियात येऊन स्थायिक झाली आणि त्यांच्याबरोबर फिलाडेल्फियाचे चिकट, काकवीत लोळलेले बन अमेरिकेत आले. पण दालचिनीच्या रोलचं सगळ्यात लाडकं घर म्हणजे स्वीडन. तिथे त्याला कानेलबुल्ले म्हणतात, आणि १९९९ पासून ४ ऑक्टोबर हा त्याचा दिवस म्हणून साजरा होतो. घरी भाजण्याचा प्रसार करणाऱ्या तिथल्या एका मंडळाने तो ठरवला. म्हणजे हा सण तसा नवा, आणि थोडा व्यापारीही.

खुद्द कानेलबुल्लेही फार प्राचीन नाही. उत्तरेकडच्या थंड मुलखात रोजची भाकरी राईची. पांढरा गहू सणासुदीचा, साखर आणि लोणी त्याहून जपून वापरायचं. पहिल्या महायुद्धातली टंचाई संपली आणि मैदा, साखर, लोणी पुन्हा मिळू लागलं, तेव्हा विसाच्या दशकात हा बन तिथे रुळला. घरोघरी पोचायला पन्नासचं दशक उजाडलं. म्हणजे तो मुळात सुटकेचा पदार्थ. दिवस फिरले, आता थोडं गोड खाऊ या, असं म्हणत केलेला. त्याच्या कणकेत वेलची घालतात हे वाचून मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपलाच की." आईचं हे आता रोजचंच झालं होतं.

पण स्वीडनमधला बन तळहातात मावणारा. अमेरिकेत त्याचं काय झालं ते बघायला कुठल्याही मॉलमध्ये जावं. १९८५ साली सिॲटलजवळच्या एका मॉलमध्ये सिनॅबनचं पहिलं दुकान निघालं. त्यांचा नेहमीचा रोल सुमारे ८८० कॅलरींचा. आईच्या डॉक्टरांनी तिला दिवसभरासाठी आखून दिलेल्या आहाराचा हा अर्ध्याहून मोठा हिस्सा, एका ताटलीत. सणाचा पदार्थ रोजचा झाला, आणि रोजचा होता होता तिप्पट फुगला. आज आपण 'हेल्दी' म्हणून जे करतो, त्यात निम्मं काम हा फुगवटा उतरवण्याचंच असतं.

*

आता दालचिनी. या नावातच गंमत आहे. फारसीत 'दार-चीनी' म्हणजे चीनचं लाकूड. म्हणजे आपला शब्द चीनकडून येणाऱ्या सालीचा. आणि ज्या सालीला जगभर 'खरी' दालचिनी म्हणतात ती श्रीलंकेची. पातळ, ठिसूळ, कागदाची सुरळी करावी तशी. आपल्या वाण्याकडची जाड, कडक, लाकडासारखी साल बहुतेक वेळा तिची चुलत बहीण असते, कॅशिया. अमेरिकेत दालचिनी पावडर म्हणून मिळते तीही मुख्यतः इंडोनेशियातली कॅशियाच. वास दोन्हींना आहे, पण स्वभाव वेगळे. त्याबद्दल पुढे बोलू.

ही साल येते कुठून, हे युरोपला फार काळ माहीतच नव्हतं. हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलंय, की अरबस्तानात मोठमोठे पक्षी या काड्या आणून कड्यांवर घरटी बांधतात. लोक खाली मांसाचे मोठाले तुकडे ठेवतात, पक्षी ते उचलून नेतात, वजनाने घरटी कोसळतात आणि मग काड्या गोळा करता येतात. पुढे रोमच्या प्लिनीने सरळ सांगून टाकलं, की या कथा भाव वाढवण्यासाठी रचलेल्या आहेत. व्यापाऱ्याने मालाचं मूळ लपवावं आणि त्याभोवती सुरस कथा गुंडाळावी, हे तंत्र मेणबत्तीवर 'शरदाचा सुगंध' छापणाऱ्यांच्या कितीतरी आधीचं आहे.

१५०५ साली पोर्तुगीज लंकेच्या किनाऱ्याला लागले आणि पक्ष्यांची कथा संपली. पुढची दीडेकशे वर्षं लंकेच्या दालचिनीवर त्यांचा हात राहिला, आणि त्यांच्या पूर्वेकडच्या राज्याची राजधानी होती गोवा. १६५६ मध्ये डचांनी कोलंबो घेतलं. त्यांनी मक्तेदारी आणखी आवळली. साल सोलायचं काम सलागम जातीच्या लोकांकडे होतं. दरवर्षी ठरावीक वजनाची दालचिनी सक्तीने द्यायची, आणि चोरून सोलली वा विकली तर शिक्षा अतिशय कठोर, अगदी देहदंडापर्यंत.

काम कसं असतं तेही सांगते, कारण ते आजही जवळजवळ तसंच होतं. पावसानंतर झाडाला फुटलेले कोवळे फोक कापायचे. वरची खरबरीत साल खरवडून टाकायची. मग पितळेच्या दांडीने फोक घासघासून आतली साल सैल करायची, सुरीने उभी चीर द्यायची आणि ती अखंड सोडवायची. एका सालीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा बसवून सावलीत वाळवायच्या. वाळताना त्या आपोआप वळतात. सालीची ती सुरळी बघितली आणि मला हसू आलं. आपण ओव्हनमध्ये जो रोल करतो, त्याच्या आत घातलेली वस्तूही मुळात रोलच आहे की!

*

जायफळाची गोष्ट मात्र हसून वाचता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आधी जगातलं जवळपास सगळं जायफळ आणि जायपत्री आजच्या इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवरून यायचं. तिथले लोक जावा-मलायाच्या, अरबांच्या, ज्याला हवं त्या व्यापाऱ्याला माल विकत. डच कंपनीला ते नको होतं. १६२१ साली यान पीटरझून कून याने बेटांवर स्वारी केली. प्रमुख बांदावासीयांची मुंडकी उडवली. सुमारे पंधरा हजार वस्तीपैकी बेटांवर जेमतेम हजारभर उरले असा अंदाज आहे. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. मग बागांचे तुकडे पाडून डच मळेवाल्यांना वाटले आणि राबायला दुसरीकडून गुलाम आणले.

त्यांतलं रुन नावाचं एक बेट इंग्रज आपलं म्हणत होते. १६६७ साली ब्रेडाच्या तहात ठरलं, की ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याने ठेवावं. रुन डचांकडे राहिलं. इंग्रजांकडे राहिली डचांची उत्तर अमेरिकेतली वसाहत, जी त्यांनी १६६४ मध्येच घेतली होती. त्यात एक बेट होतं, मॅनहॅटन.

आमच्या घरापासून थोडं गाडीने गेलं की हडसनच्या काठावरून समोर ते मॅनहॅटन दिसतं. मी लेकीला तिथे नेऊन ही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्याशा नटमेगसाठी?" मी म्हटलं, हो. एवढ्याशा जायफळासाठी. ज्याची आपण चिमूटभर पूड करतो आणि उरलेलं डब्यात टाकून विसरून जातो त्यासाठी.

पुढे इंग्रजांनी जायफळाची रोपं पेनांग, लंका इथे नेली आणि मक्तेदारी मोडली. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाच्या तर झेंड्यावरच जायफळ आहे. आपल्या कोकणातही नारळी-पोफळीच्या बागांमध्ये ही दोन्ही झाडं आता लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यांचे खास वाण काढले आहेत, 'कोकण तेज' दालचिनीचं आणि 'कोकण सुगंधा' जायफळाचं.

पण मुद्दा असा, की लंका, बांदा, ग्रेनाडा यांपैकी एकाही ठिकाणी पानगळ होत नाही. ज्याला आम्ही इथे शरदाची चव म्हणतो, ती जिथून येते तिथे हा शरद ऋतूच नाही.

*

मग शरदाचं काय आहे यात? भोपळा.

भोपळा मात्र याच खंडाचा. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या एका गुहेत सापडलेल्या बियांवरून दिसतं, की माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच तिथे भोपळा लावायला सुरुवात केली होती. मक्याच्याही आधी. पुढे उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांनी मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरायची पद्धत बसवली. त्यांना ते तिघी बहिणी म्हणत. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकतात, ओल टिकवतात आणि तण दाबतात. युरोपातून आलेल्या गोऱ्यांना पहिल्या हिवाळ्यांत तगवणाऱ्या पिकांमध्ये हेही होतं. ज्यांनी ते शिकवलं त्यांचं पुढे काय झालं, ते वेगळं सांगायला नको.

१७९६ साली कनेटिकटातल्या हार्टफर्डमध्ये अमीलिया सिमन्स नावाच्या बाईचं 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक निघालं. अमेरिकन बाईने लिहिलेलं आणि अमेरिकेत छापलेलं हे पहिलं पाकपुस्तक मानतात. त्यात भोपळ्याच्या दोन कृती आहेत. एकीत साय, अंडी, साखर, आणि मसाला म्हणून जायपत्री, जायफळ आणि सुंठ. दुसरी जरा गरिबाघरची: सायीऐवजी दूध, साखरेऐवजी काकवी, आणि मसाल्यात ऑलस्पाइस नावाची कॅरिबियनकडची मिरीसारखी फळं आणि सुंठ. दालचिनी दोन्हींत नाही! तीच दालचिनी, जिच्यावाचून आज भोपळ्याची कल्पना करता येत नाही. योगायोग असा, की त्याच १७९६ साली इंग्रजांनी डचांकडून कोलंबो घेतलं.

ती दुसरी कृती मी दोनदा वाचली. साखर परवडत नाही म्हणून काकवी, साय परवडत नाही म्हणून दूध. आज हीच कृती 'लो फॅट, अनरिफाइन्ड' म्हणून महागड्या मासिकात छापता येईल.

एकोणिसाव्या शतकात सारा हेल नावाच्या लेखिकेने आणि संपादिकेने थँक्सगिव्हिंग राष्ट्रीय सण व्हावा म्हणून कितीतरी वर्षं पत्रं लिहिली. १८२७ मधल्या तिच्या कादंबरीत त्या सणाचं जेवण आहे, आणि त्यात भोपळ्याचा पाय मानाने बसलाय. अखेर १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने तसा दिवस जाहीर केला. भोपळा न्यू इंग्लंडच्या शेतातून देशाच्या सणात गेला तो असा. १९२९ पासून लिबी कंपनी डबाबंद भोपळा विकायला लागली. १९३४ मध्ये मकॉर्मिकने दालचिनी, जायफळ, सुंठ वगैरे एकत्र करून भोपळ्याच्या पायचा तयार मसाला काढला. कुटायची, किसायची गरज उरली नाही. आणि २००३ मध्ये स्टारबक्सने त्या मसाल्याची कॉफी आणली. त्या कॉफीत २०१५ पर्यंत भोपळा मुळी नव्हताच. भोपळा काढून टाकला तरी लोकांना भोपळाच लागत होता, कारण तोवर 'भोपळा' म्हणजे त्याचा मसाला असं ठरून गेलं होतं.

*

राहिलं पीठ. इथे माझ्या विटांचा पूर्वज भेटला.

१८३७ साली सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम नावाच्या एका धर्मोपदेशकाने पावावर एक ग्रंथ लिहिला. म्हणणं असं, की बेकरीतला पांढरा पाव माणसाला आणि समाजाला बिघडवतो. पीठ कोंड्यासकट हवं, जाडसर हवं, आणि पाव घरी आईनेच भाजावा. बॉस्टनचे बेकरीवाले आणि खाटीक त्याच्यावर चालून गेले. त्याचे अनुयायी मात्र वाढत गेले, आणि कोंड्यासकट दळलेल्या पिठाला 'ग्रॅहॅम फ्लावर' हे नाव चिकटलं. 'घरी करा, पूर्ण गव्हाचं करा, त्यातच आरोग्य आहे,' हे आज आपण ज्या तालात म्हणतो तो ताल त्याचा आहे. फक्त एक अडचण. ग्रॅहॅमला मसालेही नको होते. त्यांनी वासना चाळवतात असं त्याला वाटे. माझा रोल बघितला असता तर पिठाबद्दल शाबासकी देऊन दालचिनीबद्दल त्याने प्रवचन दिलं असतं. आणि त्याच्या नावाच्या ग्रॅहॅम बिस्किटांवर आज साखर-दालचिनी भुरभुरून मिळते, हे त्याला कुणी न सांगितलेलंच बरं.

पुढे अमेरिकेत जात्यांच्या जागी पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या. त्यांनी कोंडा आणि अंकुर इतका सफाईने वेगळा केला, की आजवर श्रीमंतांचं असलेलं पांढरंशुभ्र पीठ गरिबालाही मिळू लागलं. पण काढलं त्यात जीवनसत्त्वंही गेली. म्हणून १९४१ पासून लोह आणि बी गटातली काही जीवनसत्त्वं पिठात परत घालायला सुरुवात झाली. आधी काढायचं, मग घालायचं, आणि पुड्यावर 'एनरिच्ड' असं छापायचं.

हे आईला वाचून दाखवत होते. ती म्हणाली, "तुमच्या अमेरिकेचा गहू आम्ही खाल्लाय." मला आधी कळेना. मग ती रेशनबद्दल बोलायला लागली. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धापासून साठच्या दशकापर्यंत पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकेतला गहू बोटी भरभरून भारतात येत होता. आईच्या आठवणीत तो लाल गहू. त्याच्या पोळ्या चिवट, गार झाल्या की ओढून तोडाव्या लागत. घरात गहू सणाचा आणि पाहुण्यांचा, एरवी ज्वारीची भाकरी. रेशनच्या त्या गव्हाला नावं ठेवत, पण रांग लावून आणायचा. "आमच्याकडे आलं ते गरज म्हणून आलं. आता तू तोच गहू तब्येतीसाठी म्हणून डबल पैसे देऊन आणतेस."

मला गोव्याची पोई आठवली. कोंडा लावलेली, आतून पोकळ, पोर्तुगीजांकडून शिकलेल्या पोदेराने पूर्वी ताडी-माडीवर फुगवून भाजलेली. आता ती पणजीतल्या चांगल्या हॉटेलांत आरोग्यदायी म्हणून टोपलीतून येते. म्हणजे भाकरी असो, पोई असो की ग्रॅहॅमचा पाव, कोंडा सगळीकडे आधी गरिबाच्या वाट्याला आला आणि मग श्रीमंताच्या आहारात शिरला. कोंडा तोच, पण तो कुणाला निवडता येतो आणि कुणाला खावाच लागतो, एवढाच फरक.

*

आणि घारगे? लाल भोपळा आपल्याकडचा नव्हे. आपला जुना तो कोहळा. तांबडा भोपळा, ज्याला काही ठिकाणी डांगर म्हणतात, तो अमेरिका खंडातून समुद्रमार्गे इकडे आला आणि असा मुरला की पाहुणा वाटेनासा झाला. आजीबाईंच्या गोष्टीतही तोच टुणटुणत जातो. आणि आता मला मिळालेली सगळ्यात गमतीची माहिती: इथल्या डब्यात जो भोपळा असतो तो पायऱ्यांवरच्या नारिंगी भोपळ्यापेक्षा वेगळ्या जातीचा. डबेवाले वापरतात तो डिकिन्सन नावाचा फिकट कातडीचा भोपळा, आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो आणि आपला लाल भोपळा एकाच जातीचे, कुकुर्बिटा मोशाटा. म्हणजे त्या सकाळी आम्ही डबा उघडून कणकेत घातलं ते अगदी शब्दशः घारग्यांतलंच होतं.

आमच्याकडे घारगे नवरात्रात व्हायचे. भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, थोडं तांदळाचं पीठ, जायफळ, वर खसखस. नवरात्र कुठलं? शारदीय. आश्विनातलं. म्हणजे आईच्या घरी शरद ऋतूत भोपळा, गूळ, गहू आणि जायफळ. लेकीच्या घरी 'फॉल'मध्ये भोपळा, गूळ, गहू आणि जायफळ. मधे फक्त यीस्ट आणि दालचिनी.

लेकीने हे ऐकून घेतलं. काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण ते तळलेले असतात." तेही खरंच आहे.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा आईने सूत्रं हातात घेतली. कोंड्याच्या पिठाला पाणी जास्त लागतं आणि ते प्यायला वेळ लागतो. पोळ्यांची कणीक आपण भिजवून ठेवतो ती त्यासाठीच. म्हणून दोन भाग कणीक, एक भाग मैदा, भोपळा आणि कोमट दूध इतकं कालवून अर्धा तास नुसतं झाकून ठेवलं, आणि यीस्ट, गूळ, लोणी घालून मळणं त्यानंतर. दालचिनी कणकेत घातली नाही, कारण तिने यीस्ट मंदावतं. ती गुळाबरोबर आत पसरली. वरचं साखर-चीजचं लिंपण रद्द. आणि बाराच्या जागी सोळा तुकडे कापले. एकेका रोलमध्ये साधारण एका पोळीएवढं पीठ आणि दोन चमचे गूळ.

लेकीला वाटत होतं की गूळ घातला म्हणजे आजीला हवे तेवढे चालतील. तिला सांगावं लागलं, की गूळही शेवटी साखरच. कणकेची पोळीही रक्तात साखरच होते, जरा सावकाश इतकंच. आणि आईलाही एक सांगावं लागलं. तिला कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, की रोज सकाळी चमचाभर दालचिनी घेतली की मधुमेह पळतो. २००३ मध्ये पाकिस्तानातल्या साठ रुग्णांवरच्या एका अभ्यासात दालचिनीने साखर उतरल्याचं दिसलं होतं, तिथून हे पसरलं. नंतरच्या अभ्यासांत एकमत झालं नाही. उलट आपण जी जाड साल वापरतो, त्या कॅशियात कूमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, आणि ते रोज जास्त पोटात गेलं तर यकृताला त्रास देऊ शकतं. लंकेच्या दालचिनीत ते अगदी थोडं. दोघींचे स्वभाव वेगळे म्हटलं ते हेच. युरोपात याला कायद्याने मर्यादा आहे: रोजच्या बेकरी मालात किलोमागे १५ मिलिग्रॅम, आणि पारंपरिक किंवा हंगामी मालात ५०. यावरून २०१३ साली डेन्मार्कमधले बेकरीवाले फार चिडले होते. त्यांच्या दालचिनीच्या गोगलगायी रोजच्या धरायच्या की पारंपरिक? वाद अधिकाऱ्यांपर्यंत गेला आणि शेवटी त्या पारंपरिक ठरल्या.

मला त्या कायद्यातला तो भेद फार आवडला. सणाला चालतं, रोज चालत नाही. आमच्या आजीने हे कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय ठरवलं होतं. घारगे नवरात्रात. पुन्हा पुढच्या वर्षी.

आईने अर्धा रोल खाल्ला. उरलेला अर्धा झाकून ठेवला आणि गल्लीत फेरी मारायला निघाली. दोन तासांनी बोटाला सुई टोचून आकडा बघितला. नेहमीपेक्षा थोडा जास्त, पण घाबरण्यासारखा नाही. तिने तो तारखेसकट वहीत लिहिला. त्या वहीत आकड्यापुढे काय खाल्लं तेही ती लिहिते. रात्री मी सहज डोकावले. तिथे आधी 'घारगे' लिहून खोडलं होतं, आणि पुढे तिच्या वळणदार अक्षरात होतं: 'सिनॅमन रोल, अर्धा.'

सकाळी उठून बघते तर झाकण बाजूला आणि उरलेला अर्धाही गायब. आई म्हणते तिने खाल्ला नाही. लेक म्हणते तिने खाल्ला नाही. वहीत तर काही नोंद नाही. असो.